मदत हवी आहे: जुन्या जीपला टँडेम मास्टर सिलेंडर, कुठल्या पोर्टला कुठला पाइप?

नमस्कार मंडळी,

महिंद्राची जुनी सीजे-३बी जीप हॉट रॉडच्या (जुनी गाडी हवी तशी बदलून बांधायच्या) थाटात बांधतोय. इंजिन, बॉडी, सीट सगळं जागेवर बसलंय, अडलंय ते ब्रेकपाशी. मूळ गाडीत चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच लाइन. कुठंही पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. म्हणून पुढं डिस्क घेतल्या, मागं ड्रमच ठेवले आणि एका कारचा टँडेम मास्टर सिलेंडर (एकात दोन पिस्टन, दोन वेगळ्या लाइनी) आणला. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा) नाही. पेडल जुन्या जीपसारखं फ्लोअरमधून वर येणारं, त्यामुळं सिलेंडर फ्लोअरखाली चासीला.

उद्यमनगरात दोघा फिटरना विचारलं. एक म्हणतात, पुढचं पोर्ट पुढच्या चाकांना. दुसरे म्हणतात, पुशरॉडजवळचं (पेडलकडून सिलेंडरला ढकलणाऱ्या दांड्याजवळचं) पोर्ट डिस्कला. दोघंही मुरलेले कारागीर, कुणाचं ऐकू? सिलेंडरवरच्या ब्रेक ऑइलच्या डब्याला दोन कप्पे आहेत, पुशरॉडकडचा मोठा आहे.

दुसरं म्हणजे नट. जीपचे जुने नट इंची आट्यांचे, सिलेंडरची पोर्टं एम१० बाय १ ची (१० मिमी, आट्यांचं अंतर १ मिमी). जुना नट आत जातो, पण सैल वाटतो. आवळला की बसेल असं सांगतात. माझं मन घेत नाही.

आणि सिलेंडर कॅलिपरपेक्षा (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापेक्षा) खाली असल्यानं ऑइल मागं वाहून येईल का? त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह लागतो का?

गाडी झाली की आईला जोतिबाला न्यायचंय, नंतर गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून कोकणात. त्या वळणांवर ब्रेकची शंका डोक्यात नको. जाणकारांनी जरूर सांगा.

प्रतिसाद १

भावा, नटाचं आधी. तो नट अजिबात लावू नकोस. इंची नट ३/८ चा, २४ आट्यांचा असणार, म्हणजे साधारण ९.५ मिमी. पोर्ट १० मिमीचं. आट्यांचं अंतर इतकं जवळचं आहे की नट सरळ आत जातो, आवळलाही जातो, आणि जोरात ब्रेक दाबल्यावर आटे सोडतो. शिवाय बसायची जागाही वेगळी. जुन्या जीपचा पाइप आत दुमडून दुहेरी फुलवलेला असतो, एम१० पोर्टाला बहुतेक वेळा बबल फ्लेअर (पाइपाचं फुगवलेलं टोक) लागतो. नवा ३/१६ चा स्टील पाइप घे, सिलेंडरच्या टोकाला एम१० नट आणि बबल फ्लेअर, दुसऱ्या टोकाला इंची नट आणि दुहेरी फ्लेअर. नट पाइपावर सरकवल्याशिवाय टोक फुलवू नकोस. टेफ्लॉन टेप लावायचीच नाही, इथं सील फ्लेअरनं होतं, आट्यांनी नाही.

प्रतिसाद २

दोन्ही फिटर आपापल्या गाड्यांपुरते बरोबर असतील. सगळ्या गाड्यांना लागू पडेल असा नियमच नाही. पुशरॉडजवळचा पिस्टन प्रायमरी, पुढचा सेकंडरी. दोघांचा बोअर (आतला व्यास) सारखा असला तर दाबही जवळपास सारखाच. फरक ऑइलच्या साठ्याचा. डिस्कचे पॅड झिजत जातात तसं कॅलिपरमध्ये जास्त ऑइल उतरतं, म्हणून मोठा कप्पा डिस्कला. तुमच्या सिलेंडरवर म्हणजे पुशरॉडकडचं पोर्ट पुढच्या चाकांना. तरी ज्या कारचा सिलेंडर आहे तिचं मॅन्युअल एकदा बघाच. ड्रमच्या पोर्टात कधी कधी दाब राखणारा व्हॉल्व्ह आतच असतो. तो चुकून डिस्कला गेला तर पॅड घासत राहतात. पोर्टात बारीक तार हलकेच घाला, रबर लागलं तर व्हॉल्व्ह आहे समजा.

फ्लोअरखाली सिलेंडर असला की रेसिड्यूअल व्हॉल्व्ह (हेच ते दाब राखणारे) हवेतच. डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा, ड्रमच्या लाइनला १० चा. ड्रमच्या पोर्टात तो आधीच असेल तर दुसरा घालू नका. मागच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हही (मागचा दाब कमी ठेवणारा) लावा, नाहीतर मागचं हलकं असल्यानं ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतील.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज नवे पाइप आणि नट सांगून आलो. एअर काढायला सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद २

सिलेंडर गाडीला लावायच्या आधी व्हाइसमध्ये धरून त्याची एअर काढा, नाहीतर नंतर पेडल मारून मारून पाय दुखतील. मग सर्वांत लांबचं चाक आधी, उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. पुशरॉडला किंचित मोकळीक ठेवा. पिस्टन पूर्ण मागं आला नाही तर ऑइल डब्यात परत जात नाही आणि तापल्यावर ब्रेक धरून बसतात. पहिल्याच दाबाला पेडल खोल गेलं तर लगेच सिलेंडरला दोष देऊ नका, मागच्या ड्रमचे शू अॅडजस्ट करा.

डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा नवा सीलबंद डबा घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा ओलावा ओढून घेतो, आणि तेच ऑइल घाटात उकळून पेडल मऊ पडतं. सगळं जोडल्यावर पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा, एकाला खाली वाकून प्रत्येक नट बघू दे. नट कोरडे दिसले की आधी मोकळ्या सपाट मैदानात हळू चालवा, मग डोंगर.