डिस्क गोल्फ : उजवीकडे वळणाऱ्या थ्रोसाठी डिस्क आणि तंत्र – मदत हवी आहे

नमस्कार,

मी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे राहतो आणि इथल्या झाडीतल्या कोर्सेसवर, विशेषतः हॉर्नेट्स नेस्ट पार्कमध्ये, नियमित डिस्क गोल्फ (चकती फेकून कमीत कमी थ्रोमध्ये बास्केटमध्ये टाकण्याचा खेळ) खेळतो. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून फेकणे, हाच माझा मुख्य थ्रो आहे. मिडरेंज (मध्यम पल्ल्याची) डिस्क साधारण ७० मीटर आणि फेअरवे ड्रायव्हर (त्याहून वेगवान डिस्क) ८० मीटरच्या आसपास जाते. डावीकडे वळणाऱ्या होलवर फारशी अडचण येत नाही, कारण वेग कमी झाला की डिस्क आपोआप डावीकडे झुकते. होल उजवीकडे वळत असेल तर मात्र भरवशाचा असा एकही थ्रो माझ्याकडे नाही, आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे.

उदाहरणादाखल एका होलचे वर्णन करतो. टीपासून (पहिला थ्रो जिथून करतात तिथून) पाइनच्या दोन रांगांमधून अरुंद वाट सुमारे ५० मीटर सरळ जाते, तिथून ती उजवीकडे वळते आणि वळणानंतर २५ मीटरवर बास्केट आहे. डावीकडे दाट झुडपे आहेत आणि वाटेवर फांद्या इतक्या खाली आल्या आहेत की उंच थ्रोला वावच नाही.

सध्या माझ्या पिशवीत डिस्कक्राफ्टची बझ्झ (स्पीड म्हणजे लागणारा वेग ५, ग्लाइड म्हणजे तरंगणे ४, टर्न म्हणजे वेगात असताना उजवीकडचा कल उणे १, फेड म्हणजे शेवटी डावीकडचा कल १; टर्न जितका उणे तितका कल जास्त) आहे, शिवाय इनोव्हाच्या लेपर्ड (६, ५, उणे २, १), टीबर्ड (७, ५, ०, २), फायरबर्ड (९, ३, ०, ४) आणि डिस्ट्रॉयर (१२, ५, उणे १, ३) या डिस्क आहेत. लेपर्ड सपाट फेकली तर ती मध्यावर किंचित उजवीकडे सरकते आणि शेवटी पुन्हा डावीकडे येते. तीच ॲनहायझरवर, म्हणजे बाहेरची कड वर ठेवून, फेकली तर कधी सुरेख वळते आणि कधी ४० मीटरवरच कडेवर उभी राहून जमिनीत शिरते. डिस्ट्रॉयरच्या आकड्यांत उणे १ टर्न असूनही माझ्या हातून ती उजवीकडे जराही जात नाही.

सोबत खेळणाऱ्यांपैकी एक जण रोडरनर (९, ५, उणे ४, १) घ्यायला सांगतो, दुसरा हायझर-फ्लिप शिकायला सांगतो, तर तिसऱ्याच्या मते बॅकहँडचा नाद सोडून फोरहँडच (तळहात पुढे ठेवून बाजूने) फेकावा. या तिन्ही उपायांनी डिस्क उजवीकडेच जाणार असली, तरी हवेतली वाट तिन्हींची सारखी असेल असे मला वाटत नाही. माझ्या अंतराला आणि अशा होलला यातले काय योग्य ठरेल, आणि ॲनहायझर दर वेळी सारखा पडावा यासाठी शरीराची ठेवण कशी असावी, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी फिनलंडमध्ये टांपेरेजवळ खेळतो. इथलेही बरेच कोर्स पाइन आणि बर्चच्या जंगलात आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न चांगलाच परिचयाचा आहे.

डिस्क निवडण्याआधी वळण उड्डाणाच्या कोणत्या टप्प्यावर हवे आहे, हे ठरवा. तुमच्या थ्रोमध्ये डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. सुरुवातीला वेग जास्त असताना हवेचा दाब डिस्कच्या मध्याच्या मागे पडतो आणि तिचे नाक खाली दाबू पाहतो; पण डिस्क फिरत असल्यामुळे त्या दाबाचा परिणाम नव्वद अंशांनी सरकतो आणि ती उजवीकडे कलते. हाच टर्न. वेग उतरला की दाब मध्याच्या पुढे येतो, नाक वर उचलू पाहतो आणि डिस्क डावीकडे कलते. हा फेड. म्हणजे अंडरस्टेबल (वेगात सहज उजवीकडे कलणारी) डिस्क सपाट फेकून मिळणारे उजवे वळण उड्डाणाच्या पहिल्या आणि मधल्या भागात येते, आणि तुम्हाला तर ते ५० मीटरनंतर हवे आहे. रोडरनर इथे त्याच कारणाने गैरसोयीची ठरेल, कारण ती वाट संपण्याआधीच उजवीकडच्या झाडांत जाण्याची शक्यता जास्त आहे. आधी थोडे मोकळे मैदान आणि मग लांबलचक, सावकाश वळण असेल, तिथे मात्र ती उत्तम डिस्क आहे. हायझर-फ्लिपचेही तसेच आहे: हायझरवर, म्हणजे बाहेरची कड खाली ठेवून, फेकलेली डिस्क वेगामुळे सरळ होते आणि पुढे हलकेच उजवीकडे सरकते, पण काटकोनी वळण त्यातून मिळत नाही.

डिस्ट्रॉयर का वळत नाही, याचे उत्तर पहिल्या आकड्यात आहे. १२ स्पीडच्या डिस्कचा टर्न दिसण्यासाठी तेवढा वेग हातातून निघावा लागतो, आणि ८० मीटरच्या थ्रोमध्ये तो नसतो. तुमच्या पल्ल्यात ५ ते ७ स्पीडच्या डिस्कच आपले आकडे खरे करून दाखवतात.

बॅकहँडनेच खेळायचे असेल तर फेड जवळजवळ नसलेली, दिलेला कोन धरून ठेवणारी मिडरेंज घ्या. इनोव्हाची माको३ (५, ५, ०, ०) यासाठी मला सर्वांत विश्वासाची वाटते. ती बेताच्या ॲनहायझरवर कमी उंचीने फेका. पूर्ण वळण नाही मिळाले तरी ती वळणाच्या तोंडाशी थांबेल आणि पुढचा थ्रो मोकळा राहील.

आता शरीराच्या ठेवणीबद्दल. लेपर्ड जमिनीत शिरते तेव्हा बहुतेक वेळा कोन मनगटातून दिलेला असतो. सुटण्याच्या क्षणी मनगट वळले की डिस्क थरथरत निघते आणि त्या थरथरीमुळे तिचा टर्न आणखी वाढतो. कोन कमरेतून द्यावा: हायझरसाठी आपण पुढे वाकतो, तसे ॲनहायझरसाठी पाठ किंचित मागे न्यावी आणि हात छातीला समांतर ठेवून खालून वर ओढावा, म्हणजे हात, मनगट आणि डिस्क एकाच पातळीत राहतात. अंगठा डिस्कच्या वरच्या पृष्ठावर घट्ट दाबलेला असू द्या. तो सैल पडला की पुढची कड वर उचलली जाते, आणि नाक वर गेलेली डिस्क कोणतीही असो, ती लवकर वेग गमावून डावीकडेच पडते.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी मी पूर्ण सहमत आहे आणि म्हणूनच या होलसाठी फोरहँड सुचवतो. उजव्या हाताच्या फोरहँडमध्ये डिस्क उलटी फिरते आणि फेड उजवीकडे येतो, म्हणजे वळण नेमके शेवटी मिळते. क्रिकेटमध्ये कव्हरला उभा असलेला क्षेत्ररक्षक खाली वाकून बाजूने यष्टींकडे चेंडू फेकतो, तशीच कोपराची हालचाल इथे हवी असल्याने आपल्याकडच्या खेळाडूंना ती लवकर जमते.

फायरबर्ड तुमच्याकडे आहेच. तर्जनी आणि मधले बोट कडेच्या आत दाबून, तळहात आकाशाकडे ठेवून, फक्त मनगटाच्या झटक्याने आधी ३० मीटरचा सराव करा. सुटल्यावरही तळहात वरच राहिला पाहिजे. तो उलटला की डिस्क डावीकडे जाते. तुमच्याकडच्या लाल चिकणमातीवर, जमीन कोरडी असताना, फायरबर्ड टेकल्यावर उजवीकडे आणखी बरीच घसरते. तेव्हा ती बास्केटच्या अलीकडे उतरवण्याचा हिशेब ठेवावा.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टप्प्याचा मुद्दा वाचल्यावर लेपर्ड या होलला का पुरत नाही, ते स्पष्ट झाले. फोरहँडचा सराव सुरू करतो आणि माको३ मागवतो. आता फक्त वजनाबद्दल विचारायचे आहे: १५० ग्रॅमच्या आसपासची घ्यावी की १७५ च्या जवळची?

प्रतिसाद १

झाडीत १७० ते १७५ ग्रॅमची घ्या. हलकी डिस्क त्याच वेगाला जास्त टर्न घेते आणि समोरून वारा आला तर तो टर्न आणखी वाढतो. प्लास्टिक मात्र इनोव्हाचे टिकाऊ चॅम्पियन किंवा स्टार बघा, कारण साध्या डीएक्स प्लास्टिकची डिस्क झाडांवर आपटून थोड्याच काळात अधिक अंडरस्टेबल होते. तुमची लेपर्ड डीएक्सची असेल तर तिचे वय आणि कडेवरचे घाव इथे कळवा, म्हणजे ती अचानक जमिनीत शिरण्यामागे मनगट किती आणि झीज किती, याचा अंदाज बांधता येईल.