शब्दचर्चा: बुजगावण्याच्या उलट काय?

सॅक्रामेंटोवाली

नमस्कार मंडळी. काम घरगुती आहे, पण शब्दांपाशी अडलंय.

माझी नात इथल्या मराठी शाळेत जाते. 'आजोबांचं लहानपण' असा निबंध आहे. आमच्या ह्यांचं लहानपण साताऱ्याचं, ते दोन पानांत झालं. आता तिला दुसऱ्या आजोबांचंही लिहायचंय, म्हणजे माझ्या व्याह्यांचं. ते ऐंशीच्या पुढचे, अस्सल कॅलिफोर्नियाचे. १९५०च्या दशकात त्यांचे वडील सुसून मार्शमधल्या एका बदक क्लबाचे सभासद होते. (उच्चार जवळजवळ 'ससून'. पुण्याच्या माणसाला आधी हॉस्पिटलच आठवतं.) सॅन फ्रान्सिस्कोच्या ईशान्येला, नद्यांचं गोडं पाणी आणि खाडीचं खारं पाणी जिथे मिसळतं, तिथला हा लाख एकरांहून मोठा पाणथळ पट्टा. त्यात आजही दीडशेच्या आसपास खासगी क्लब आहेत. पूर्वी रेल्वेनं यायचे, आता पिकअपनं येतात. बदकांच्या शिकारीसाठी जमीन राखायची आणि हंगामात शनिवार-रविवारी जमायचं.

व्याह्यांची गोष्ट अशी: शुक्रवारी रात्री क्लबाच्या लाकडी घरात चिठ्ठ्या टाकायचे, कुणाला कुठली जागा ते ठरवायला. चिठ्ठी काढायचा मान पोराचा. पहाटे चारला उठायचं, बापाच्या मागून गुडघाभर पाण्यातून जायचं, पाठीवर लाकडी बदकांचं पोतं. ती पाण्यात मांडायची, मग पाण्यात पुरलेल्या पिंपात उतरून बसायचं. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार काढायला परवानगी, त्याआधी नाही.

माझे अडलेले शब्द:
१. डिकॉय, म्हणजे ती लाकडी बदकं.
२. ब्लाइंड, म्हणजे ते पिंप, लपायची जागा.
३. टाइड गेट. क्लबाच्या बांधात पाणी आत-बाहेर करायला असतं ते.

'आमिष', 'आडोसा' आणि 'दार' लिहून मोकळी होणार होते, पण नात म्हणाली, "आजी, आमिष खातात ना?"

कोशातला किडा

नात बरोबर आहे. आमिष म्हणजे मुळात मांस, खाण्याची वस्तू. लाकडी बदक कुणी खात नाही, त्याच्या सोबतीला येतात. शिवाय अमेरिकेत शिकारीच्या जागी दाणे टाकून बदकं बोलावणं १९३५ साली बंद झालं. म्हणजे तुमच्या व्याह्यांच्या वडिलांवर तुम्ही नकळत कायदेभंगाचा आळ घेताय! त्याच साली जिवंत बदकं बांधून ठेवायलाही बंदी आली, म्हणून लाकडीच राहिली.

इंग्रजी शब्दाचं मूळ बहुतेक डच. 'कोय' म्हणजे पिंजरा. तिकडे तळ्याला वाकडे, जाळीनं झाकलेले पाट काढत आणि एका छोट्या कुत्र्याच्या मदतीनं बदकांना आत ओढून घेत. म्हणजे सापळ्याचं नाव पुढे भुलवणाऱ्या पक्ष्याला चिकटलं.

भिगवणची वारी

मराठी वर्तमानपत्रांत 'डिकॉय' कधीच आलाय. गर्भलिंगनिदानाच्या केंद्रावर गरोदर बाईला ग्राहक म्हणून पाठवतात, त्याला 'डिकॉय केस' म्हणतात. पोलिसांच्या बातमीत 'बनावट ग्राहक' किंवा 'डमी ग्राहक' असतो. पण निबंधात 'डमी बदक' लिहिलंत तर दुकानातल्या बंद टीव्हीसारखं वाटेल.

माझी सूचना: शेतात पाखरांना बुजवतं ते बुजगावणं. इथे उलट काम आहे, म्हणून भुलवणं. अनेकवचन भुलवणी. "पोत्यात बारा भुलवणी होती."

कोशातला किडा

'बुजगावणं' याची फोड 'बुज + गावणं' अशी करू नका म्हणजे झालं, नाहीतर उद्या कुणीतरी 'भुलगावणं' काढेल.

झाडीपट्टी

मी काढणारच होतो.

गंमत सोडा. मी गोंदियाकडचा. आमच्याकडे मामा तलाव शेकड्यांनी. (मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे, माजी मालगुजारी.) लहानपणी, म्हणजे साठच्या दशकात, माझ्या मोठ्या काकांकडे लायसनची दुनळी होती. हिवाळ्यात तलावावर जायचे. लाकडी बदकं वगैरे थाट नव्हता. काका बांधाआड पालथे पडायचे आणि आम्ही पोरं पलीकडच्या काठानं शेंबूड पुसत चालत जायचो, पाखरं आपसूक काकांकडे सरकायची. तेव्हा 'बदक' शब्द कुणी वापरायचं नाही. बदक म्हणजे घरचं, पाळलेलं. तलावावरची ती 'पाखरं'. "पाखरं बसली", "पाखरं उठली", "पाखरानं पाय सोडले" (म्हणजे उतरायला लागलं). व्याह्यांच्या तोंडीही मला 'पाखरं'च बरं वाटेल.

आणि बार 'मारत' नाहीत, 'काढतात'. तुम्ही बरोबर लिहिलंत. फुसका गेला तर मात्र तो आपोआप 'जातो', कुणी काढलेला नसतो.

सॅक्रामेंटोवाली

वा! पाखरं घेतला. आणि भुलवणं नातीला पसंत. म्हणते, "भुलाबाईसारखं आहे." आता दुसरा शब्द.

भिगवणची वारी

पक्षी बघणारे 'लपण' म्हणतात. फोटोवाल्यांची कापडी असते, वनखात्याची बांबूची. सोपा, मराठी, पोरांनाही कळतो.

कोशातला किडा

लपण चालेल. 'मचाण' मात्र नको, ते झाडावर असतं आणि हे पाण्याखाली. मला स्वतःला 'दबा' आवडतो. आपण 'दबा धरून बसला' म्हणतो तेव्हा त्या जागेचा विचारच करत नाही. "बाप-लेक दब्यात उतरले." ऐकून बघा.

झाडीपट्टी

दबा वाघाचा. दहा वर्षांच्या पोराचं लपणच.

पिपाणी

मध्येच शिरते. पाखरांना बोलावायला ते तोंडानं वाजवतात, त्या लाकडी नळीला काय म्हणणार? माझं नाव पाहा. सुचवून ठेवते.

सॅक्रामेंटोवाली

अगदी! व्याह्यांकडे वडिलांची अजून आहे. आतली पट्टी गंजलीय, तरी वाजवली की कुत्रा टेबलाखालून उठतो. पिपाणीच लिहिते.

कोशातला किडा

एक आक्षेप नोंदवून ठेवतो. निबंधाच्या मथळ्यात 'पारध' लिहू नका. मुळात शब्द थोर आहे. संस्कृत 'पापर्द्धि', प्राकृत 'पारद्धि', मग आपली पारध. जुन्या मराठीत राजेही पारधीला जात. पण आज 'पारधी' म्हटलं की ज्यांच्या माथी १८७१च्या कायद्यानं गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ साली जो कागदावर पुसला गेला, ती माणसं डोळ्यांसमोर येतात. ती पोटासाठी फासे लावत होती. वर्गणी भरून शनिवारी बंदूक घेऊन येणाऱ्यांची ती 'शिकार'.

झाडीपट्टी

पटलं. पण व्याह्यांचा बाप काही राजा नव्हता ना हो?

सॅक्रामेंटोवाली

नाही. रेल्वेत कारकून होते. क्लब म्हटलं की आपल्याला जिमखाना आठवतो, इथे मात्र सगळ्या थरातले होते. सभासदांनी उन्हाळ्यात येऊन बांध दुरुस्त करायचे, तण काढायचं, भुलवणी रंगवायची. रंगवायचं काम व्याह्यांच्या आईकडे होतं. ती कधी शिकारीला गेली नाही, पण बदकाच्या पंखावरचा निळा पट्टा तिच्याइतका बरोबर कुणाला जमत नसे, असं ते सांगतात.

भिगवणची वारी

कुठली पाखरं होती? विचाराल का? विचारण्याचं कारण असं की काही जाती तिथे आणि इथे एकच आहेत. उत्तरेतून निघतात आणि वेगळ्या वाटांनी उतरतात.

सॅक्रामेंटोवाली

विचारलं. सगळ्यात मानाचं पाखरू पिनटेल. त्याला तिकडचे जुने शिकारी 'स्प्रिग' म्हणतात, म्हणजे डहाळी. शेपटीतून लांब पीस निघतं म्हणून. शॉव्हेलरला 'स्पूनी', तो पडला की सगळे हसायचे, चवीला कमी म्हणून. आणि कूटला 'मड हेन'.

भिगवणची वारी

बघा! पिनटेल म्हणजे आपलं तलवार बदक. थंडीत उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला सकाळी नावेत बसलात की दिसतं. त्यांना डहाळी दिसली, आपल्याला तलवार.

शॉव्हेलर म्हणजे थापट्या. तिकडे चमचा, इकडे कुंभाराचं थापटणं. चोच खरंच तशी आहे, टोकाला पसरट. मडकं थापटताना कुंभाराच्या हातात जे लाकूड असतं ते ज्यानं पाहिलंय, त्याला हे नाव सांगावं लागत नाही. मी मात्र ते पहिल्यांदा पाहिलं पक्ष्यानंतर, पंढरपूरजवळ, आणि मोठ्यानं ओरडलो होतो, "अरे, थापट्या!" कुंभारकाका घाबरले.

कूटचं तर विचारूच नका. अमेरिकेतला थोडा वेगळा, पण तेच काळं अंग, पांढरं कपाळ. त्यांना चिखलातली कोंबडी दिसली. आपल्या माणसांना कपाळावरचं गंध दिसलं आणि नाव पडलं वारकरी.

झाडीपट्टी

वारकऱ्यावर आमचे काका कधी बार काढत नसत. विचारलं तर म्हणायचे, मांसाला चिखलाचा वास येतो. आजी म्हणायची, नाव बघून सोडतो. दोघांपैकी खरं कोण, देव जाणे.

एक आठवण. रात्री जेवताना दाताखाली छर्रा यायचा. आम्ही तो ताटाच्या कडेला ठेवायचो आणि जेवण झालं की मोजायचो, कुणाला किती. शिशाचे छर्रे होते ते! आज अंगावर काटा येतो. काकांची बंदूक पुढे जमा झाली. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर लायसनवर थोडंफार चालायचं, १९९१च्या दुरुस्तीनं तेही संपलं.

कोशातला किडा

योगायोग बघा. अमेरिकेत पाणपाखरांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद झाले तेही १९९१ सालीच. पाण्याच्या तळाशी पडलेले छर्रे खडे समजून पाखरं गिळायची आणि विषबाधेनं मरायची.

खारेपाट

इतका वेळ वाचत होतो. तिसरा शब्द सगळे विसरलेत, आणि माझ्या मते तोच मुख्य आहे.

ताई, त्याला 'दार' म्हणू नका. अलिबागकडे खारबंदिस्तीत, म्हणजे खाडीचं पाणी अडवून भातशेती काढलेल्या जमिनीत, बांधाला जी झडप असते तिला उघाडी म्हणतात. गोव्यात त्यालाच 'मानस' म्हणतात. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून रेटतं आणि उघाडी आपोआप बंद होते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. हात लावावा लागत नाही. एक उघाडी फुटली तर पुढची तीन वर्षं भात विसरायचं, जमीन खारी होते. माझ्या आजोबांना रात्री भरतीच्या वेळेला जाग यायची, घड्याळाशिवाय. उघाडी आपटल्याचा आवाज घरापर्यंत ऐकू येतो, धप् असा. तो नाही आला की कंदील घेऊन निघायचे.

तुमच्या व्याह्यांच्या क्लबात पाणी आत-बाहेर करायला असतं ते हेच असणार. कोण चालवायचं?

सॅक्रामेंटोवाली

खारेपाट, तुमचं उत्तर मी काल रात्री फोनवर त्यांना इंग्रजीत सांगितलं. दहा मिनिटं ते बोलतच होते. इतके दिवस शिकारीचं सांगत होते ते सगळं बाजूला राहिलं.

त्यांच्याकडे चाक फिरवायची गेटंही होती आणि तुमच्यासारखी झडपही. आपल्याकडे खारं पाणी बाहेर ठेवायचं, ते मात्र शरदात मुद्दाम भरतीचं पाणी आत घेतात, तळी भरतात आणि पाखरं उतरतात. हंगाम संपला की वसंतात पाणी काढायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा काढायचं. असं दोन-तीनदा केलं की मातीतलं मीठ धुऊन निघतं. नाही केलं तर लव्हाळं उगवत नाही, आणि त्याचं बी खायला तर पाखरं येतात. ते काम त्यांच्या वडिलांकडे होतं, आणि भरतीच्या वेळापत्रकाचा कागद खिशात घेऊन व्याही मागून. चाक गच्च बसलेलं असायचं. बाप दोन्ही हातांनी ओढायचा, पोरानं चाकाच्या खालच्या आऱ्यावर पाय देऊन उभं राहायचं. पाणी आत यायला लागलं की आधी आवाज नाही, फक्त गवताची पाती एकेक करून आडवी.

"उघाडी" त्यांनी तीनदा म्हणून घेतला. 'घ' जमला नाही. "उगाडी."

खारेपाट

चालेल. आमच्याकडे येणारे पुण्याचे लोक 'गेट' म्हणतात, त्यापेक्षा बरं.

पिपाणी

आणि सूर्योदयाच्या अर्धा तास आधीला काय लिहिताय? पहाट नको, ती फार लवकरची. 'तांबडं फुटलं'?

झाडीपट्टी

झुंजुमुंजु. समोरचा माणूस ओळखू येतो, त्याचा चेहरा येत नाही, ती वेळ.

सॅक्रामेंटोवाली

घेतलं. निबंधाचा शेवट असा आहे, नातीच्या शब्दांत, मी फक्त जरा हात फिरवलाय:

"झुंजुमुंजु झालं. आजोबा लपणात पिंपाच्या कडेला हनुवटी टेकून उभे होते. पाण्यावर बारा भुलवणी हलत होती. त्यांच्या बाबांनी पिपाणी वाजवली. तलवार बदकं वरून फिरून आली, पाय सोडले. मग दोन बार झाले आणि दोन पाखरं पाडली."

माझ्या पहिल्या खर्ड्यात 'पडली' होतं. व्याह्यांना विचारावं म्हणून फोन केला. हा फरक इंग्रजीत समजावताना माझी दमछाक झाली. कळल्यावर थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "वडिलांनी पाडली. तसंच लिही."

म्हणून 'पाडली' केलं. आज नातीची वही पाहिली तर तिनं तो काना चूक समजून खोडलाय.