स्वयंपाकघरातील रोजचे फोटो : प्रकाश आणि लेन्स यांविषयी मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार,

आमच्या घरात लग्नामुंजींचे आणि वाढदिवसांचे फोटो कपाटभर आहेत. परंतु आई विळीवर नारळ खवते आहे, बाबा बनियनवर पेपर वाचत बसले आहेत, धाकटी घाईघाईने डब्याचे झाकण लावते आहे, असा एकही धड फोटो नाही. हे रोजचे घर टिपायचे आहे. अडचण मुख्यतः स्वयंपाकघरातील प्रकाशाची असल्यामुळे जाणकारांचा सल्ला हवा आहे.

माझ्याकडे एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा जुना डीएसएलआर, त्यासोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स आणि ५० मिमी एफ १.८ लेन्स आहे (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). ५० मिमीची लेन्स या सेन्सरवर ७५ मिमीसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी दृश्य मावते, त्यामुळे फ्रिजला पाठ टेकवून उभे राहिले तरी चौकटीत आईचा चेहरा तरी येतो किंवा विळीवरचे हात तरी. शिवाय सव्वा मीटरवरून एफ १.८ वर जेमतेम चारेक सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येत असल्याने हातांवर फोकस केला की चेहरा धूसर होतो. १८-५५ मध्ये सगळे मावते, मात्र आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२०० ते ६४०० पर्यंत न्यावा लागतो. फोटोत थोडे दाणे दिसले तर माझी हरकत नाही.

खरा पेच शटरचा आहे. ओट्यावर साधा एलईडी बल्ब आहे आणि आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने तो सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. नारळ खवणारा हात थिजवण्यासाठी शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवले की काही फोटोंत आडवे काळपट पट्टे उमटतात. १/१०० वर ते जातात, पण मग खवणारा हात फोटोत हललेला येतो. नव्या कॅमेऱ्यांत असते तशी फ्लिकर (दिव्याची लुकलुक) टाळण्याची सोय माझ्या कॅमेऱ्यात नाही. बल्ब बंद करून केवळ खिडकीच्या उजेडावर भागवावे, तर खिडकी शेजारच्या इमारतीकडे उघडते आणि बरा उजेड सकाळी थोडाच वेळ मिळतो. दोन्ही उजेड एकत्र ठेवले की गालाची एक बाजू पिवळी आणि दुसरी निळसर दिसते, आणि रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) बदलला तरी एकच बाजू सुधारते. फोटो कृष्णधवल करण्याची पळवाट ठाऊक आहे, पण फोडणीतल्या हळदीचा रंग गमवायची माझी तयारी नाही.

छताकडे वळवलेला फ्लॅश वापरून पाहिला. त्याने पट्टे जातात हे खरे, परंतु तो एकदा चमकला की आई पदर सारखा करून फोटोसाठी उभी राहते आणि हातातले काम तिथेच थांबते. मोबाइल समोर असला तर ती ढुंकूनही पाहत नाही, मात्र कमी उजेडात मोबाइलमधील हलत्या हातांचे अक्षरशः पीठ होते. (बाबांची अट एवढीच की बनियनवरचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाता कामा नयेत, आणि ती रास्तच आहे.)

३५ मिमी एफ १.८ आणि २४ मिमी एफ २.८ या दोन लेन्सचा विचार चालू आहे. दुसरीत प्रकाश सव्वा स्टॉपने (एक स्टॉप कमी म्हणजे निम्मा प्रकाश) कमी मिळेल, पण तिच्यात अधिक दृश्य मावत असल्याने अडचणीच्या जागेत ती अधिक सोयीची ठरेल असे वाटते. लहान स्वयंपाकघरात ज्यांनी या लेन्स वापरल्या आहेत त्यांचा अनुभव काय आहे? की लेन्सचा खर्च पुढे ढकलून आधी ओट्यावरचा बल्बच बदलावा आणि न लुकलुकणारा, ९० च्या वर सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) असलेला, खिडकीच्या उजेडाशी जुळणारा पांढरा दिवा बसवावा? असा दिवा कोणी घरी लावला असल्यास १/२५० वर पट्टे खरोखर गेले का, आणि दुकानात विकत घेण्यापूर्वी त्याची पारख कशी करावी, हे कृपया सांगावे.