मदत हवी आहे: सिरिंजच्या प्रयोगात बॉइलचा नियम जुळत नाही

प्रश्न: वर्गात बॉइलचा नियम (तापमान तेच असेल तर वायूचा दाब गुणिले आकारमान कायम राहते) दाखवायचा आहे. ६० मिलीची प्लास्टिक सिरिंज स्टँडला उभी बांधली, दट्ट्या ५० मिलीवर आणून तोंड बंद केले आणि वर १, २, ३ किलो वजने ठेवली. आकारमान ४६, ३९.५ आणि ३५ मिली आले. पण वजन गुणिले आकारमान करतो तेव्हा ४६, ७९, १०५ येतात. हवा गळतेय का?

प्रतिसाद १: गळती असती तर दट्ट्या एका जागी थांबलाच नसता, हळूहळू सरकत राहिला असता. घोळ गुणाकारात आहे. दट्ट्यावर वातावरणाचा सुमारे १०१ किलोपास्कल दाब आधीपासून आहे, तो धरायलाच हवा. शिवाय वजनाचे दाबात रूपांतर करा. सिरिंजचा आतला व्यास मोजा. तो २६.५ मिमी असेल तर क्षेत्रफळ ५.५ चौ.सेमी, म्हणजे दर किलोमागे १७.८ किलोपास्कल. आता एकूण दाब गुणिले आकारमान करून तुमचेच आकडे पाहा:

१०१ × ५० = ५०५०
११८.८ × ४६ = ५४६५
१३६.६ × ३९.५ = ५३९६
१५४.४ × ३५ = ५४०४

प्रश्नकर्ता: वा, बरेच जवळ आले! पण वजन ठेवल्यावर सात-आठ टक्के जास्त का येते?

प्रतिसाद २: रबराचे घर्षण. दट्ट्या खाली जाताना रबर त्याला अडवते, त्यामुळे वजनाचा काही भाग आतल्या हवेपर्यंत पोचतच नाही. आकारमान जास्त दिसते ते म्हणून. प्रत्येक वजनाला दोन वाचने घ्या. एक वजन अलगद ठेवून. दुसरे दट्ट्या हाताने आणखी दहा-बारा मिली खाली दाबून सावकाश सोडल्यावर. या वेळी घर्षण उलट्या दिशेने काम करते. १ किलोला दुसरे वाचन ३९-४० च्या आसपास यावे, म्हणजे सरासरी नियमाने अपेक्षित ४२.५ च्या (५०५० ÷ ११८.८) जवळ जाते. दट्ट्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिलात तर ही तफावत आणखी कमी होईल.

वाचनापूर्वी अर्धा मिनिट थांबा. झटकन दाबलेली हवा तापते. सिरिंज मुठीत धरू नका, हाताच्या उबेनेही आकारमान वाढते.

तोंड नळी लावून चिमटा मारून बंद केले असेल तर नळीतली हवा मोजपट्टीवर दिसत नाही. ४ मिमी व्यासाच्या १० सेमी नळीत सव्वा मिली हवा मावते. आडव्या अक्षावर १/दाब आणि उभ्या अक्षावर आकारमान घेऊन आलेख काढा. रेषा सरळ येईल, पण मागे वाढवल्यावर उभ्या अक्षाला शून्याच्या जितकी खाली छेदेल, तेवढी ही लपलेली हवा. ती प्रत्येक आकारमानात मिळवा.