चित्र माझं, टी-शर्ट कंपनीचा. हक्क कुणाचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. मी बेळगावात, शहापूरला बोर्ड रंगवतो. आता सगळं फ्लेक्सवर गेलंय, त्यामुळं हात रिकामा असला की मोबाईलवरच्या एका गेमच्या नायकाची चित्रं काढत बसतो. गेल्या पावसाळ्यात त्याला राजहंसगडाच्या बुरुजावर उभा केला आणि कंपनीच्या साइटवर चाहत्यांच्या चित्रांसाठी जागा आहे तिथं टाकला.

परवा खडेबाजारात दुकानाबाहेर तोच टी-शर्टवर लटकलेला! कोपऱ्यातली माझी सही कापलेली. पण बुरुजाच्या फटीत मी पिंपळाचं रोपटं काढलं होतं, पाच पानांचं. ते जसंच्या तसं. लेबल कंपनीचंच, किंमत ४९९. (घेतला नाही. माझंच चित्र मी विकत घेऊ?)

मेल केला तर म्हणतात, चित्र टाकताना 'अटी मान्य'वर टिक केलीय. भाच्याकडून अटी वाचून घेतल्या. मालकी तुमचीच, पण कंपनीला कायमचा, जगभर, फुकट वापरायचा परवाना. मग मालकीत उरलं काय? निदान नाव तरी मागता येईल काय?

प्रतिसाद १ :
१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम १७ प्रमाणे, पहिला मालक चित्रकारच. नोंदणी नसली तरी. मालकी दुसऱ्याला द्यायची तर कलम १९ प्रमाणे सहीचा कागद लागतो. तुम्ही दिलाय तो नुसता परवाना, आणि त्याला २०१२ च्या दुरुस्तीपासून सही लागत नाही, लेखी असलं की झालं. तेव्हा कंपनी त्या टिकेवरच अडून बसणार. पैशाचं अवघड दिसतंय.

पण कलम ५७ बघा. मालकी विकून टाकली तरी 'हे मी काढलंय' म्हणायचा हक्क चित्रकाराकडंच राहतो. सही कापलीय तिथंच बोट ठेवा. मात्र स्वतः टी-शर्ट छापायला जाऊ नका, नायक त्यांचा आहे. बुरूज आणि पिंपळ तुमचा.

अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढा, उद्या बदलतील. कलम ६२ मुळं दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यात लावता येतो, बेंगळूरला खेटे नकोत. फक्त अटींत लवाद किंवा दुसऱ्या गावचं कोर्ट घातलंय का, ते वकिलाला दाखवा.

धागाकर्ता :
लई उपकार झाले. पेन्सिलीचा मूळ कागद सापडला, तारखेसकट. मागं बायकोनं किराणा लिहिलाय. चालेल काय?