साठा वाढवून सगळं सुटत नाही

पुरवठा साखळीबद्दल वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की कोविडनंतरचा धडा एकच, 'साठा वाढवा'. हा मुद्दा सुट्या भागांना, औषधांना लागू पडतो. नाशिकच्या द्राक्षांचा साठा किती करणार?

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात येमेनच्या हुती बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बड्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेच्या टोकाला केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. युरोपचा प्रवास साधारण दहा ते पंधरा दिवसांनी लांबला, तोही नेमका द्राक्षांच्या हंगामाच्या तोंडावर. काढणीनंतर काही तासांत प्रीकूलिंग (माल झटपट गार करणं), पेटीत बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइडचा पॅड, शून्य अंशाच्या आसपास तापमान, हे सगळं चोख केलं तरी देठ वाळायचे ते वाळतातच. हिरवा देठ दिसला नाही की तिकडचा ग्राहक भाव पाडतो.

वाढलेल्या भाड्याची चर्चा खूप होते. माझ्या मते त्याहून त्रासदायक गोष्ट कंटेनरची आहे. जहाजाची फेरी लांबली की रिकामा रीफर (माल थंड ठेवणारा कंटेनर) न्हावाशेवा बंदरात परत यायलाही उशीर होतो. म्हणजे माल तयार, कोल्ड स्टोरेज भरलेलं आणि कंटेनरची वाट बघणं चालू. (ट्रॅकिंग ॲपवर मात्र सगळं छान दिसतं!)

बराच माल तिथे पोचल्यावरच्या दर्जानुसार भाव ठरवून जातो. त्यामुळे समुद्रातल्या उशिराचा भुर्दंड शेवटी बागायतदारावरच येतो. करारात ही जोखीम वाटून घेण्याबद्दल इथे कुणाचा अनुभव असेल तर जरूर लिहा.