कूलरचा षड्ज
वर कोणीतरी लिहिलंय की महागडा माइक नसेल तर घरचे आवाज टिपून संगीत होत नाही. नाही पटलं बाप्पा! फ्रेंच संगीतकार पिएर शेफरने १९४८ मध्ये पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनात रेल्वेचे आवाज तबकडीवर टिपले आणि त्यातूनच रचना केली. टेप नव्हतीच हाताशी. तबकडीची खाच स्वतःतच बंद करायची, म्हणजे तोच तुकडा फिरत राहतो. आजचा लूप दुसरं काय आहे?

मी मे महिन्यात नागपूरच्या घरचा कूलर मोबाइलवर टिपला. आपली वीज ५० हर्ट्झची (सेकंदाला ५० आवर्तनं), त्यामुळे मोटारीची गुणगुण त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झला ऐकू येते. म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाच या पट्टीच्या जवळ, किंचित चढी. आयता षड्ज, म्हणजे सा! त्यावर वाळ्याच्या ताट्यांतून ठिबकणारं पाणी. वेग निम्मा केला की थेंब घटासारखे बोलतात. टाकीतलं पाणी संपल्यावर पंप कोरडा घरघरतो, तो तुकडा सगळ्यात भारी निघाला (पंप जळेल म्हणून आई ओरडली, ते पण रेकॉर्ड झालं).

रेकॉर्डिंग ॲपमध्ये आवाज आपोआप कमीजास्त होण्याची सोय मात्र बंद करा, नाहीतर दोन थेंबांमधली शांतता फुगून खरखरते. सीताबर्डीच्या बाजारात एकदा करून पाहिलं, पण हॉर्नच्या गदारोळात एक आवाज सुटा निघेल तर शपथ.